मागावरची ऊतची जागा

सायगॉनहून बसने अर्ध्या दिवसावरच्या दिन्ह येन गावात चटई एकटीने विणता येत नाही. एकीने मागावर चढून बसायचं आणि दोन्ही हातांनी जड लाकडी फणी ठोकायची. दुसरीने कडेला बसून लांब काठीच्या टोकात लव्हाळ्याची काडी अडकवायची आणि ती ताण्याच्या दोऱ्यांमधून सरकन आत घालायची. फणी वर गेली की काठी आत, काठी बाहेर आली की फणी खाली. दोघींच्या हातांचं जमलं तर चटई अशी घट्ट येते की वर पाणी सांडलं तरी क्षणभर थबकावं. नाही जमलं तर ती एका अंगाला फुगते, आणि बाजारात गिऱ्हाईक तिच्यावरून हात फिरवून काही न बोलता पुढे जातं.

साऊ फणीवर आणि ऊत काठीवर, हे दोघी बहिणींचं लहानपणापासून ठरलेलं होतं. साऊ म्हणजे सहा, ऊत म्हणजे शेंडेफळ. हाऊ नदीच्या त्या काठावर घरातल्या पोरांना अशाच हाका मारतात; कागदावरची नावं कागदावरच राहतात. ऊत काडी घालताना जीभ टाळूला लावून 'टक्' असा आवाज करायची. तिला ते ठाऊकही नसायचं. त्या आवाजावर साऊची फणी पडायची. लग्नं झाली, साऊला मुलगा झाला, ऊतचा नवरा मासेमारीच्या होडीवर गेला तो तिकडेच दुसरं घर करून बसला. पण सकाळी केळीच्या मागे ऊन आलं की दोघी मागावर, हे काही चुकलं नाही.

मग आई गेली आणि ऊत गाव सोडून सायगॉनजवळ बिन्ह युओंगला बुटांच्या कारखान्यात लागली.

आईच्या छातीत गाठ होती. ऊतनेच हट्ट धरून, आईशी भांडून, तिला जिल्ह्याच्या गावी नेऊन शस्त्रक्रिया करवली होती. त्यानंतर आई जी खालावली ती उठलीच नाही. पुढचं पीक कापायच्या आत गेली. सगळी आळी हळहळली आणि हळहळताना तेच बोलली, जे त्या भागात सगळे बोलतात: गाठीला सुरी लागली की ती जागी होते, आणि अंगभर धावत सुटते. ऊतला तोंडावर कुणी दोष दिला नाही. पण तिने तो स्वतःच उचलला. आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावून निघाली, ती श्राद्धाच्या जेवणालाही परत आली नाही. दरवर्षी फळांची टोपली पाठवायची. मोठी, झिलईच्या कागदात गुंडाळलेली. साऊ तो कागद उलगडायची तेव्हा तिला टोपली उचलून नदीत फेकावीशी वाटायची.

काठीवर आता साऊचा नवरा लुओम बसू लागला. लुओम माणूस चांगला, पण काडी घालायचा ती गाईपुढे गवत टाकल्यासारखी, आणि तोंड अखंड चालू.

"लक्ष कुठंय तुमचं? काडी दुमडली."

"काडीला पण कंटाळा येतो. त्या हिरव्या रंगाचं ऐक ना, मी काय म्हणतो—"

"काही म्हणू नका. नुसती काडी घाला."

तेव्हा तो दुखावून गप्प बसायचा, आणि त्या शांततेत साऊला ऊत जास्तच आठवायची.

*

दिन्ह येनच्या विणकर बायकांच्या डाव्या मांडीला एक गाठ असते. फणी ठोकताना मांडी मागाच्या दांडीवर सारखी घासते, तिथे कातडी जाड होऊन टेंगूळ येतं. पूर्वी म्हणे मुलगी बघायला आलेल्या बायका हळूच विचारायच्या, "आलीय का हो मांडीला?" आली म्हणजे पोरगी कामाची. त्यामुळे साऊच्या डाव्या मांडीला गाठ आली, तेव्हा त्यात बघण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. तिलाही नाही. इतरजणींची गाठ वरवर असते, बोटाने ढकलली तर हलते. साऊची खोल होती, मांसात रुतलेली, हलत नव्हती. पण स्वतःची मांडी चाचपून शेजारणीच्या मांडीशी ताडून कोण बघतं? शिवाय ती दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीची काळजी करायला त्या घरात कुणाला सवड नव्हती.

शेजारची मुओय काकू पाला वाटून द्यायची. साऊ तो बांधायची, सोडायची, परत बांधायची. गाठ पेरूएवढी होती ती मोसंबीएवढी झाली. साऊने पायजम्याच्या डाव्या पायाची शिवण उसवून वाढवली, मग परत उसवली. ते लुओमच्या लक्षात आलं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत.

"हे काय? दोन पायांची दोन मापं?"

"कापड आटलंय."

"एकाच पायाचं?"

साऊ हसली, पण लुओम हसला नाही. बडबड्या माणूस गप्प झाला की घर कसं थंड पडतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

तिने ऊतला फोन केला. ऊत पलीकडून ओरडलीच. "हात लावू देऊ नकोस कुणाला! पाला बांध, मंत्र म्हण, काय वाट्टेल ते कर, पण कापू देऊ नकोस. आईचं विसरलीस?"

"अगं, चरबीची गाठ आहे म्हणतात. अर्ध्या तासाचं काम."

"आईच्या वेळीही असंच म्हणाले होते, साऊताई."

साऊने ऐकलं नाही. जवळच्याच एका लहानशा दवाखान्यात जागा बधिर करून गाठ सोलून काढली, शेंग सोलतात तशी. तपासायला कुठे पाठवली नाही, बादलीत गेली. साऊ चालत घरी आली. ऊतला तिने फुशारकीने सांगितलंसुद्धा, "बघ, मेले का मी?"

वर्ष सरायच्या आत त्याच वणाखाली ती परत आली. या वेळी वेगाने.

"जागी झाली," मुओय काकू म्हणाली आणि पाल्याची पुरचुंडी तशीच मुठीत धरून परत गेली. जणू आता पाल्याचाही उपयोग नव्हता.

साऊला गाठीची भीती वाटली ती नंतर. आधी वाटलं ते हे, की ऊतचं खरं ठरलं. आता ऊत कधीच घरी येणार नाही. आईला आपण मारलं हे तिला आता कायमचं पटेल. म्हणून साऊने ते ऊतपासून लपवलं. फोनवर पावसापाण्याचं बोलायची, लव्हाळ्याच्या भावाचं बोलायची. ऊत विचारायची, "पाय?" "पायाला काय झालंय, दोन आहेत," म्हणायची.

*

सायगॉनच्या मोठ्या रुग्णालयात त्यांना डॉक्टर खुए भेटल्या. बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेल्या. मांडी दाबून बघताना दुसऱ्याच गोष्टी विचारायच्या: चटईला रंग कसा देता, उकळत्या पाण्यात हात भाजत नाहीत का. एमआरआय झाला, सुईने तुकडा काढून तपासला, छातीचे फोटो झाले. मग त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"साऊ मावशी, ही चरबीची गाठ नव्हती. मांसातला कर्करोग आहे. फार लोकांना होत नाही, म्हणून पटकन ओळखू येत नाही."

साऊने एकच विचारलं. "सुरी लागली म्हणून जागी झाली ना?"

"नाही. सुरी फार जवळून गेली म्हणून." डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला, त्याच्याभोवती दुसरा. "ही गाठ. तिच्याभोवती चांगल्या मांसातही तिचे धागे गेलेले असतात, डोळ्यांना न दिसणारे. नुसती गाठ सोलली की ते मागे राहतात. भोवतीचं चांगलं मांस सगळीकडून घेऊन काढायला हवं होतं."

लुओम आता पुढे सरकला. "म्हणजे आमचा काठ! चटई मागावरून उतरवली की शेवटच्या दोऱ्याच्या बाहेर वीतभर लव्हाळा सोडून कापायचा असतो. दोऱ्याला खेटून कापलं तर वापरायला काढल्याबरोबर उसवते. नवशिक्या पोरी तेच करतात, चटई मोठी दिसावी म्हणून—"

"अहो, त्यांना बोलू द्या," साऊ म्हणाली.

"नाही, बरोबर बोलतायत ते," डॉक्टर म्हणाल्या. "काठ सोडून कापायचं. त्यात मांडीचा एक स्नायू जाईल. पाय राहील, पण उकिडवं बसणं संपलं. मग दीड महिना किरणं घ्यायची."

"मग परत येणार नाही?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तसं मी सांगू शकत नाही. तुमच्या बाजूने काही गोष्टी आहेत. पायात आहे, पोटात नाही. पोटात असती तर भोवती काठ सोडायला जागाच मिळत नाही. छाती अजून स्वच्छ आहे. पण विरुद्ध बाजूलाही आहेत. मोठी आहे, खोल आहे, पेशी बऱ्याच बिथरलेल्या आहेत, आणि एकदा अर्धवट काढून झालीय. तिथेच परत येऊ शकते, नाहीतर फुप्फुसात जाऊ शकते. पहिली दोन-तीन वर्षं भीती जास्त. म्हणून दर तीन महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही."

बाहेरच्या बाकावर लुओम तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "दीड महिना इथं कोण राहणार तुझ्याजवळ? पोराला काम सोडता यायचं नाही. मी राहीन, पण मला भात शिजवता येत नाही, तूच माझी सेवा करत बसशील." आणि खालच्या आवाजात, "ऊत इथून तासाभरावर राहते."

"तिला सांगायचं नाही."

"का? ती चिडेल म्हणून?"

"ती चिडली तर बरंच," साऊ म्हणाली. "ती गप्प बसेल. तुम्हाला माहीत नाही ती गप्प कशी बसते."

पण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी तिनेच फोन लावला. परवानगी मागायला नाही. नुसतंच सांगितलं: परत आलीय, उद्या सायगॉनच्या मोठ्या रुग्णालयात परत कापणार आहेत, या वेळी मोठं. पलीकडे कारखान्याची यंत्रं ऐकू येत होती. ऊत खरंच गप्प बसली. मग विचारलं, "कुठल्या दाराशी?" आणि फोन ठेवला.

दुपारी ती आली. कारखान्याच्या निळ्या कपड्यांवरच, एका हातात डबा, दुसऱ्या हातात उशी. साऊने तिला इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. चेहरा आईचा झाला होता.

"वेडी आहेस का तू?" हे ऊतचं पहिलं वाक्य. "परत तेच? एकदा पोळलीस ते पुरलं नाही?" मग लुओमकडे वळून, "आणि तुम्ही भावोजी, दिवसभर तोंड चालतं तुमचं, हिला अडवायला तेवढं नाही चाललं?"

"चालवलं होतं—"

"काय चालवलंत? चटया विकल्या असतील डॉक्टरला."

डब्यात मडक्यात आटवलेला गोडसर मासा होता, आईच्या हातचा असायचा तसा मिरी घातलेला. साऊने दोन घास खाल्ले आणि डबा बाजूला सारला. ऊतने तिच्या हातातून चमचा घेतला, उरलेला मासा स्वतः खाल्ला, आणि खाता खाता रडली. बहिणींचं हे असंच. जवळ घेतलं नाही, काही नाही.

*

काठ स्वच्छ निघाला, असं डॉक्टर म्हणाल्या. ऊतला ते पटलं नाही. दीड महिना ती रात्रपाळी करून सकाळी यायची, साऊला किरणांना न्यायची, भाजल्यासारख्या लाल कातडीवर ओलं फडकं धरायची, आणि रोज म्हणायची, "बघ हं, मी सांगितलं होतं."

एकदा ती डॉक्टरांसमोर उभीच राहिली. "मला खरं सांगा. सुरीने पसरतो की नाही?"

"सुरीने नाही. पुष्कळदा तो आधीच पसरलेला असतो. आम्ही उघडतो तेव्हा कळतं, आणि लोकांना वाटतं उघडल्यामुळेच झालं."

"माझ्या आईला छातीत होती."

"मी त्यांना पाहिलं नाही. काखेत गाठी होत्या का?"

ऊतला आठवलं. "केस विंचरताना हात वर करायची नाही ती."

"मग तो आधीच निघाला असेल. खात्रीने मी नाही सांगू शकत. असेल, एवढंच."

साऊ चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होती. तिला वाटलं, झालं! सुटली बिचारी. आता म्हणेल, चल, घरी येते. तिने वाट पाहिली, दुपारभर पाहिली. नळाखाली साऊचे केस धुताना ऊत एवढंच म्हणाली, "डॉक्टरांचं काय जातंय बोलायला." पण तिचे हात नेहमीपेक्षा फार हळू चालत होते.

किरणं संपली. साऊ गावी गेली, ऊत कारखान्यात.

मागावर चढून बसणं आता साऊला शक्य नव्हतं. लुओमने तिच्यासाठी उंच खुर्ची ठोकून दिली, तिच्यावर बसून ती काठी घालू लागली. फणीवर मुओय काकूची सून. साऊ ऊतच्या जागेवर बसली होती, आणि तिथून बघताना तिला पहिल्यांदा दिसलं की काठीवालीला फणीवालीचा चेहरा समोर दिसतो. फणीवालीला फक्त चटई दिसते. म्हणजे इतकी वर्षं ऊत तिच्याकडे बघत बसली होती, आणि तिने एकदाही मान वर केली नव्हती.

तपासणीचा महिना जवळ आला की साऊला झोप लागेना. छातीचा सीटी स्कॅन म्हणजे परीक्षाच. साधा खोकला आला तरी लुओम उठून बसायचा. पण त्याच दिवसांत साऊ सुकी मासळी बांधायची, कमळाच्या बिया निवडायची, बदकाची खारवलेली अंडी बरणीत भरायची. लुओमला आधी कळेना. मग कळलं. त्या दिवशी ऊत रजा काढून रुग्णालयाच्या फाटकाशी येते. दोघी मिळून थांबतात, मिळून घाबरतात, मग समोरच्या टपरीवर कण्यांचा भात खातात. ज्या दिवसाची तिला सगळ्यांत जास्त धास्ती, त्याच दिवसाची ती तीन महिने वाट बघायची.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डॉक्टर खुए फोटो बघून पहिल्यांदा मोकळं हसल्या. "मांडी स्वच्छ, छाती स्वच्छ. मावशी, आता सहा महिन्यांनी या."

फोनवर लुओम ओरडलाच. "सहा? अगं, आज मरळ आणतो! मोठा!" साऊ "आणा" म्हणाली. पण आता ऊत सहा महिन्यांनीच दिसणार होती, आणि हे कुणाला सांगावं तर लोक म्हणतील, बाईला देवाने जीव दिला तरी रडते.

टपरीवर ऊतने अंडं चमच्याने चिरलं. "तोंड का पडलंय? काय म्हणाली?"

"सगळं बरं आहे. तुझे भावोजी मरळ आणणार आहेत. आता सहा महिन्यांनी बोलावलंय."

ऊतचा चमचा थांबला. मग चालू झाला. "चांगलं आहे की."

"चांगलंच आहे."

"मग रडतेस काय?"

"मिरची लागली."

"तू मिरची घेतलीच नाहीस."

टपरीवाली हसली. दोघी हसल्या नाहीत. थोड्या वेळाने ऊत ताटाकडे बघत म्हणाली, "मधे आईचं श्राद्ध येतं."

"येतं."

"मी यायची नाही. विचारू नकोस."

"मी कुठे विचारलं?"

"आंबट कालव्यात अजून साखर ओततेस का?"

"आईसारखी घालते. येऊन चाखून बघ."

"बघ, विचारलंस."

बसस्थानकावर नेहमीप्रमाणे ऊत तिला धरून बसमध्ये चढवायला वर आली, कारण साऊचा डावा पाय पायरी घेत नसे. तिने साऊला खिडकीशी बसवलं, पिशवी फळीवर ठेवली, पाण्याची बाटली हातात दिली. नेहमी एवढं झालं की ती उतरायची आणि खाली उभी राहून टोपीने वारा घेत कुणाला तरी शिव्या घालत राहायची. आज ती शेजारच्या रिकाम्या जागेवर टेकली. कंडक्टर ओरडला, इंजिन सुरू झालं. ती बसूनच.

"अगं, सुटली गाडी," साऊ म्हणाली.

"आंधळी नाहीये मी."

बस शहराबाहेर पडली. साऊला श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायची भीती वाटत होती. एखादा शब्द बोलले आणि हिला आपण कुठे बसलोय ते आठवलं तर? दोन्ही बाजूंना भातखाचरं सुरू झाली, खाडीत जलपर्णीचे पुंजके वाहताना दिसू लागले. ऊतने हाताची बोटं एकमेकांत घट्ट गुंफली होती. गाव अजून बरंच दूर असताना बेन लुकचा पूल आला तशी ती उठली आणि कंडक्टरला हाक मारली.

"आज इथपर्यंत," ती साऊकडे न बघता म्हणाली.

"बरं," साऊ म्हणाली. "पुलाशी परतीची बस मिळेल?"

"मिळेल. पोचलीस की फोन कर. आणि भावोजींना सांग, मरळ जास्त शिजवू नका."

ती उतरली. बस पुढे निघाली, पुलावर चढली. साऊने अवघडलेल्या पायानिशी स्वतःला वळवलं आणि मागच्या काचेतून बघू लागली. ऊत रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्याकडे गेली नव्हती. टोपी हातात धरून, बस जात होती त्या दिशेने तोंड करून, उभी होती.

"मावशी, पुढे बघा," मागच्या बाकावरचा माणूस म्हणाला. "मान मोडेल."

"मोडू दे," साऊ म्हणाली.